आडव्या रेघांचा तुकडा

या, असे जवळ येऊन बसा. मागं राहिलात तर धागा हातातून सुटेल. गोष्ट तळहाताएवढ्या कापडाची आहे, पण त्यापायी एका घराची अब्रू टांगणीला लागली होती. देवाच्या कृपेनं ती वाचली. कशी वाचली, तेच तर सांगायचं आहे.

टाचणीबाईंच्या दारावरची घंटा वाजली, तेव्हा नाना चहात बिस्कीट बुडवत होते. दचकले आणि बिस्कीट कपाच्या तळाशी गेलं. खासगी तपास करणाऱ्या बायकोचा नवरा व्हायचं म्हणजे अशी बिस्किटं किती जायची, याला गणतीच नाही.

दारात एक तरुण बाई उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"मी चोर नाही हो," ती म्हणाली.

"आधी बसा," टाचणीबाई म्हणाल्या. "अहो, पाणी आणा."

बाई एका संशोधन-नियतकालिकाची सहसंपादिका होती. विषय वस्त्रविज्ञान: सूत, वीण, रंग, कापडाची ताकद. तिच्या आजेसासऱ्यांनी ते सुरू केलं. आज तिची थोरली जाऊ संपादक होती.

"पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर त्यांनी खरं कापड डकवलं होतं. 'हे सूत पिढ्या गेल्या तरी दम सोडणार नाही,' असा त्यांचा लेख होता. वाचकानं हात लावून पाहावं, ही इच्छा. बाकीच्या प्रतींतली कापडं कधीच गेली. आमची एकच उरली, काचपेटीत उघडी ठेवलेली."

"दावा कधी तपासला?"

"नाही. कापडाची ताकद मोजायची म्हणजे ते तुटेपर्यंत ताणायचं. कुणाची छाती होणार?" तिनं पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. "आज सकाळी काच पुसायला पेटी उघडली. बोट लागलं आणि खळ जाणवली. कापड नवं होतं! मीच ओरडले आणि मीच अडकले. पेटीची किल्ली माझ्या ताब्यात असते."

"ठेवता कुठं?"

"कपाटामागच्या खिळ्याला. सगळ्यांनाच ठाऊक आहे." ती रडवेली झाली. "दुपारी विश्वस्त जमणार आहेत. नियतकालिक आपल्याकडे ठेवायचं की मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या स्वाधीन करायचं, ते आज ठरेल. पहिलाच पुरावा खोटा निघाला तर आमच्यावर विश्वास कोण ठेवेल? आणि जाऊबाई... सकाळपासून माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

नानांना चहा कडू लागला.

कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. एका अंगाला संपादकांची खोली, दुसऱ्या अंगाला प्रयोगशाळा. मधल्या जागेत काचपेटी. नानांनी वाकून पाहिलं. निळ्या कापडाचा चौकोनी तुकडा, त्यावर तांबड्या रेघा कुंपणाच्या काठ्यांसारख्या ताठ उभ्या. कडेचे धागे एकसारखे उपसून काढलेले.

"किती नीटस!" नाना म्हणाले.

"हो ना," टाचणीबाई पुटपुटल्या. "फारच नीटस."

थोरल्या जाऊबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. डोळे मात्र सुजलेले. त्यांच्या मागं भिंतीवर एक जुनं छायाचित्र होतं: मिशीवाले आजेसासरे हातात अंक उघडून उभे, आणि चौकटीच्या कडेला अर्धी कापली गेलेली एक बाई, हातमागावर हात ठेवून.

नानांनी मान वाकडी केली. "यातलं कापड निजलंय की काय? रेघा आडव्या!"

एवढ्या ताणातही थोरल्या हसल्या. "कापड डकवताना उभा धागा उभाच ठेवायचा, हा आमच्या शास्त्रातला ओनामा. आणि आमच्या आजेसासऱ्यांनी पहिल्याच अंकात ते आडवं डकवलं, तेही वेडंवाकडं कापून. घरात अजून थट्टा चालते. आता निघणाऱ्या विशेषांकात त्याचं चित्र मुद्दाम आडवंच छापायचं ठरवलं होतं आम्ही दोघींनी."

"तुमचा जावेवर संशय आहे?"

"तिच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही," थोरल्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आणि ती माझी जाऊ आहे म्हणून गप्प बसले, तर विश्वस्त काय म्हणतील?"

पुढची पाळी प्रकाशनसंस्थेच्या प्रतिनिधीची. सगळे त्यांना कोटवाले म्हणत. महिनाभर ते येऊन-जाऊन होते.

"मला त्या चिंधीचं काय करायचंय?" कोटवाले म्हणाले. "उद्याचं नियतकालिक पडद्यावर वाचलं जाणार. पडद्याला डिंक लागत नाही."

"उभा धागा कुठला, आडवा कुठला, ओळखता येतो?"

"बाई, मला शर्टाची उलट-सुलट बाजू बायको सांगते!"

नानांना तो माणूस एकदम आवडला. संशयितांच्या यादीतून त्यांनी त्याला तिथल्या तिथं काढून टाकलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख नवे होते. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. टेबलावर कापडाच्या पट्ट्या पडल्या होत्या, त्यांच्याही कडेचे धागे उपसलेले.

"हे कशाला?" नानांनी विचारलं.

"रुंदी धाग्याधाग्यापर्यंत नेमकी यावी म्हणून. कात्रीचा भरवसा नसतो."

टाचणीबाईंनी नानांच्या खिशातला रेघारेघांचा रुमाल ओढला, यंत्राला लागलेलं बोट पुसलं आणि रुमाल टेबलावर तिरपा टाकला. "विशेषांकात तुम्ही काय लिहिताय, डॉक्टर?"

"या विषयाची पुढची दिशा." बोलता बोलता त्यांनी रुमाल सरळ केला, रेघा स्वतःसमोर उभ्या येतील असा. "जुन्या विणीकडून आपण खूप शिकू शकतो. संस्थापकांचा दावा खरा होता. सूत अजून दमदार आहे."

"तुम्ही तो तुकडा पाहिलात?"

"छे! काचेबाहेरून. हातसुद्धा लावला नाही."

"माझा रुमाल..." नाना म्हणाले.

"राहू द्या हो," टाचणीबाई म्हणाल्या. "त्यानं आपलं काम केलंय."

विश्वस्त यायच्या आत सगळे काचपेटीभोवती उभे राहिले. धाकटी भिंतीला टेकली होती. नानांनी मनातल्या मनात देवाला हाक मारली.

"मूळ तुकड्यात रेघा आडव्या होत्या," टाचणीबाईंनी सुरुवात केली. "या नकलेत उभ्या आहेत. दोघी जावांना ते छायाचित्र पाठ आहे. त्यांनी नक्कल केली असती तर आडवीच डकवली असती. कोटवाल्यांनी केली असती तर जसं दिसलं तसं लावलं असतं, किंवा चुकून उलटंसुद्धा. पण कडेचे धागे असे उपसणं त्यांना सात जन्मांत सुचलं नसतं. ही कड प्रयोगशाळेतली आहे."

"मग डॉक्टरांनी पाहिल्यासारखं का नाही लावलं?" नानांनी विचारलं.

"काल सगळे गेल्यावर काढलं, रात्रभर मोजमापात गुंतले आणि आज पहाटे घाईत नक्कल लावली. तोवर डोळा विसरला आणि हाताची सवय उरली. घाईतसुद्धा त्या हातानं संस्थापकांची चूक दुरुस्त केली, तुमचा रुमाल सरळ केला तशी. आणि डॉक्टर, जे सूत कुणी कधी ताणलंच नाही, ते दमदार आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

डॉक्टर काचपेटीपासून मागं सरले.

"मला फक्त मोजायचं होतं," ते म्हणाले. "वाटलं, आकडा हाती आला की सगळ्यांसमोर ठेवू, सगळे खूश होतील. पट्ट्या कापल्या, ताणल्या, तुटल्या. आणि तुटल्यावर ध्यानात आलं की मी काय करून बसलो."

"आणि ही सकाळपासून चोर ठरतेय, तेव्हा तोंडात मूग?" थोरल्या कडाडल्या.

"ताई, भीती वाटली हो."

"कापड कुठंय?" धाकटीनं विचारलं. सगळ्या दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज स्थिर होता.

डॉक्टरांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा आणला. तुटलेल्या पट्ट्या, एकेक दोरा सांभाळून ठेवलेला. "फेकवलं नाही. जवळजवळ नव्या सुताइतकाच ताण सोसला यानं, बाई. ज्यानं कातलं-विणलं त्याला दंडवत."

थोरल्या उठल्या, जावेजवळ गेल्या. तिच्या खांद्यावरचा पदर उगाचच नीट केला. "माझ्याकडे बघ गं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून मीच बघितलं नाही."

"आता विश्वस्तांना काय सांगणार?" कोटवाल्यांनी विचारलं.

"खरं ते," थोरल्या म्हणाल्या. "आमच्या नियतकालिकाची रीत आहे, चूक झाली तर कबुली शेवटच्या पानावर दडवायची नाही, पहिल्या पानावर छापायची. डॉक्टर, बसा लिहायला."

विश्वस्तांनी ती कबुली वाचली, तुटक्या पट्ट्या हातात घेतल्या. शेवटी सगळ्यांत म्हातारे विश्वस्त म्हणाले, "जे घर स्वतःची चूक आधी छापतं, त्याच्या हातून नियतकालिक काढून दुसऱ्याला कशाला द्यायचं?" कोटवाल्यांनी फाईल बंद केली. निघताना म्हणाले, "पडद्यावर घालायला मदत लागली तर बोलवा. डिंक तुम्ही आणा."

जिना उतरताना नाना म्हणाले, "अगं, पण संस्थापकांनी एवढी साधी चूक केलीच कशी?"

"मीही विचारलं धाकटीला. छायाचित्राच्या कडेला आहेत ना, त्या त्यांच्या विधवा बहीण, या घरच्या आत्या. सूत त्यांनी कातलं, कापड त्यांनी विणलं. भावाला कापडाचं उभं-आडवं कधी कळलंच नाही. मान दिला जगानं त्याला. धाकटी नियतकालिकाचा इतिहास लिहितेय, त्यात पहिलं नाव आत्यांचं घालणार आहे."

विशेषांक निघाला. पहिल्या पानावर डॉक्टरांची कबुली आणि तिच्याखाली तुटक्या पट्ट्या, आडव्याच डकवलेल्या.

तर मंडळी, गोष्ट इथं संपली. घरी जाल, अंगावर पांघरूण ओढाल, तेव्हा एक करा. चौकटीच्या कडेला अर्धी कापली गेलेली ती आत्या, तिची क्षणभर आठवण काढा. पूर्ण आठवा.