वैशाखाचा शेवटचा कॅन

सकाळी चहा व्हायच्या आत सर्जेराव पडवीतल्या फळीपाशी गेले, वैशाखातल्या उन्हाचा कॅन खाली उतरवला आणि न्हाणीघरात आणून ठेवला. बाहेर श्रावण नुसता कोसळत होता. गगनबावड्याचा पाऊस तो. एकदा मुक्कामाला आला की जायचं नाव घेत नाही, आणि गणपती येईपर्यंत ऊन म्हणजे काय चीज असते ते माणसं विसरूनच जातात. पण ह्या काळ्या कॅनमध्ये ऊन होतं. चार वर्षांपूर्वीच्या वैशाखातलं. ज्या बाईनं ते भरून ठेवलं, तिच्या आयुष्यातला तो शेवटचा वैशाख होता.

"आबा, खरंच उघडणार?" आतल्या खोलीतून सानिकानं विचारलं. बाळंतपणाला माहेरी आलेली ती सर्जेरावांची एकुलती एक लेक. कुशीत पोर, डोक्याला फडकं बांधलेलं.

"उघडतो म्हणालो न्हवं काल? मग उघडतो."

एवढं म्हणाले खरं, पण कॅनच्या गळ्याला बांधलेल्या हिरव्या चिंधीवरून त्यांचा अंगठा काही निघेना.

ऊनतेल गावात आलं त्याला आता बरीच वर्षं झाली होती. छपरावर काचेची चपटी पाटी असते. तिच्यातून हे पिवळं तेल दिवसभर फिरत राहतं. उन्हात त्याचे कण वाकतात आणि वाकलेलेच अडकून बसतात. सानिका कोल्हापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती पोरांना सांगायची, उंदराचा चाप ताणून ठेवावा ना, तसं. चापाला कुणी शिवलं नाही तर तो वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. तेलाचंही तेच. हाताला गारच लागतं, गोधडीत गुंडाळून ठेवावं लागत नाही, आणि भरलेला कॅन नि वापरलेला कॅन वजनाला सारखाच, कारण उन्हाला वजन कुठलं? फरक फक्त रंगाचा. ऊन भरलं की पिवळं तेल पाण्यासारखं स्वच्छ होतं.

मग लागेल तेव्हा ते बंबात सोडायचं. बंबात एक बारीक जाळी असते. शास्त्रवाले तिला उत्प्रेरक म्हणतात, गावानं तिचं नाव ठेवलं जागवणी. जागवणीला लागलं की सगळे चाप एकदम सुटतात, कोंडलेलं ऊन बाहेर पडतं आणि पाणी असं कढत होतं की गार पाण्याचं इसण घातल्याशिवाय अंगावर घेता येत नाही. तेल पुन्हा पिवळं होऊन खालच्या कॅनमध्ये जमा, परत छपरावर जायला मोकळं. वीज नको, लाकूड नको, धूर नको. पावसाळ्यात घाटातले विजेचे खांब निम्मा वेळ आडवेच असतात, आणि ओलं लाकूड फुंकून बायकांचे डोळे जात. त्या गावाला ह्या तेलाची केवढी अपूर्वाई वाटली असेल!

सर्जेरावांची बायको शालन ह्या तेलात पार रमली होती. वैशाख लागला की तिच्या अंगात वारं शिरायचं. "बाकीच्या बायका पापड-सांडगे करत्यात, मी ऊन करून ठेवतो," म्हणायची, अगदी कोल्हापुरी ठसक्यात. सगळा पावसाळा निघेल एवढे कॅन ती भरायची आणि भरलेल्या कॅनच्या गळ्यात जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे भरलेला कुठला नि वापरलेला कुठला हे लांबून कळावं. झाकण उगाच उघडलं तर दमट हवेनं तेल नासतं, म्हणून खूण चिंधीचीच. गाठ नेहमी सुरगाठ. ओल्या हातानं एका हिसक्यात सुटली पाहिजे, हा तिचा नियम.

ह्या एका कॅनला मात्र निरगाठ होती. सर्जेरावांना वाटायचं, हा तिनं अडीनडीला ठेवलेला, म्हणून पक्का बांधला असेल. त्या वर्षी पौषात छातीच्या दुखण्याचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ती गेली. बाकीचे कॅन वापरात येऊन-जाऊन राहिले. ह्याला सर्जेरावांनी हात लावला नाही. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, करूळ घाटात धुक्यात गाडी उतरवताना ज्याचं काळीज हललं नाही, तो रोज सकाळी त्या कॅनवरची धूळ पुसायचा. ह्यात शालननं स्वतःच्या हातानं धरलेलं ऊन आहे, असं त्याला वाटायचं. दुसरं तिचं असं घरात काय उरलं होतं? लुगडी कपाटात होती, पण लुगड्याला ऊब नसते.

आणि इथंच सगळं अडलं होतं. कारण गाव आता ऊनतेलाच्याही पुढं निघालं होतं. डेअरीत रोज अख्ख्या तालुक्याचं दूध येतं. दूध गार करायचं म्हणजे त्यातली ऊब काढून घ्यायची, आणि ती ऊब आजवर वाऱ्यावर जायची. गावाच्या पाणी मंडळानं तिथं ऊबपंप बसवला. तो दुधातली ऊब ओढून पाण्यात चढवतो आणि कढत पाणी नळानं घरोघरी जातं. सगळ्या गल्लीनं नळ घेतला. शेजारच्या बेबीताईंनी तर सर्वांच्या आधी. ही बाई सत्तरीला आली तरी नाव बेबीताईच, आणि तोंडही तसंच लहान पोरासारखं, आवरायचं कुणी?

"म्हशीनं गवत खाल्लं, दूध दिलं, वर आंघोळीचं पाणी तापवून दिलं," त्या सर्जेरावांना म्हणाल्या होत्या. "तुम्ही नुसतं ह्या मोडक्या बंबाला कवटाळून बसलासा. बाळंतिणीचं घर हाय, भावजी, देवळातली धुनी न्हवं!"

पण नळ घ्यायचा तर जुना बंब मंडळाला परत द्यायचा होता, जागवणीसकट, तेलासकट. जाळी मौल्यवान, तिचं दुसरीकडं काम असतं. बंब गेला की शालनचा कॅन कधीच जागा होणार नाही. आणि आज जागा केला तर आजच संपणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. गणपतीच्या आत ठरवा, म्हणून मंडळानं सांगून ठेवलं होतं.

त्यात बाळंतपण म्हटलं की पाणी काय थोडं लागतं? बाळंतिणीचं न्हाणं, पोरीचं न्हाणं, दुपट्यांचा ढीग. बघता बघता फळीवरच्या बाकी सगळ्या कॅनमधलं तेल पिवळं झालं. काल संध्याकाळी सानिका हळूच म्हणाली होती, "आबा, ठेवलं तरी ते थोडं थोडं ढळतच असतं. आईचं ऊन आहे ना? मग ते हिच्या अंगावर पडू दे की."

सर्जेरावांनी नातीकडं बघितलं. मूठभर जीव, पण कपाळ थेट शालनचं. म्हणाले, "उद्या सकाळी उघडू."

तर आता ती सकाळ उजाडली होती. बेबीताई पदर खोचून न्हाणीघरात येऊन बसल्या. गल्लीतली सगळी पोरं त्यांच्याच हातची न्हालेली. पाटावर पाय लांब करून त्यांनी नडग्यांवर पोरीला निजवलं, तेलाचा हात फिरवला, हळद-साय चोळली. पोर टाहो फोडून रडत होती.

"आणा आता पाणी. आणि इसण जवळ ठेवा, उगं पोळंल."

सर्जेरावांनी इसणाची बादली आधीच भरून ठेवली होती. निरगाठ काही सुटेना. शेवटी दातांनी ओढून सोडवली, चिंधी खिशात घातली, आणि कॅन उचलून बंबाच्या नरसाळ्यात तिरका केला. डोळे मिटले. मनात म्हणाले, शालन, बघ गं, तुझं ऊन तुझ्या नातीला.

तेल उतरलं. त्यांच्या डोळ्यांपुढं चार वर्षांपूर्वीचा तो पावसाळा उभा राहिला. ज्येष्ठात छपरावरच्या पाटीचं शेवाळ काढायला चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. सगळा पावसाळा पडवीतल्या खाटेवर. दोन्ही वेळा कढत पाण्याचा शेक, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. शालन वाफाळती बादली घेऊन यायची, शेकून काढायची, अंग पुसायची. "तुझी आंघोळ?" विचारलं की म्हणायची, "माझी झाली मघाच."

"भावजी, अजून तेल सोडलं न्हाईसा व्हय?" बेबीताईंनी विचारलं.

"सोडलंय की."

"मग हे गार कसं?"

सर्जेरावांनी डोळे उघडले. बंबाला हात लावला. गार. बंबाच्या तोटीखालच्या पाण्यात बोटं घातली. विहिरीतून काढावं तसं गार. नरसाळ्यात थोडं तेल अजून राहिलं होतं. ते जागवणीपर्यंत पोचलंही नव्हतं आणि तरी पिवळंधमक होतं.

बेबीताईंनी पोरीला पदरात गुंडाळलं. सानिका दारात येऊन उभी राहिली.

"ढळलं असंल," सर्जेराव म्हणाले. "तूच म्हणालीस न्हवं काल, ठेवलं की ढळतं?"

हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. सानिकाच्या ओठावर आलंही होतं. पण बापानं तिच्याकडं असं बघितलं की तिला खोटं बोलवेना.

"चार वर्षांत एवढं ढळत नाही, आबा. थोडीशी पिवळी झाक आली असती, बस. हे वापरलेलं तेल आहे. परत उन्हात गेलेलंच नाही."

"वापरलेलं? अगं चिंधी होती त्याला! चांगली निरगाठ मारलेली..." बोलता बोलता त्यांचा हात खिशातल्या चिंधीवर गेला. कुणी सहज सोडू नये म्हणूनच तर निरगाठ.

बेबीताई पोरीला थोपटत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस बसला न्हवं? कुणालाच धड ऊन घावलं न्हाई. आमचं तेल आषाढात संपलं. सगळ्या गल्लीचं संपलं. मी म्हणालो, शालन, तुझं कसं गं पुरतंय? दोन्ही वेळा भावजींना शेकतीस. तर हसली नुसती. म्हणाली, मी चिक्कट हाय, बेबीताई."

सर्जेराव तिथंच उंबऱ्यावर बसले.

खाटेवरून फळी समोर दिसायची. ते रोज मान वळवून बघायचे आणि विचारायचे, "हाय न्हवं अजून? संपत आलं असंल तर माझा शेक बंद कर बाई. तुझ्यापुरतं ठेव." आणि ती बोट दाखवायची, "हाय की. ती बघा चिंधी." चिंधी दिसायची, ते निर्धास्त व्हायचे, आणि ती कढत पाणी त्यांच्या खुब्यावर ओतायची.

आणखी एक आठवलं. मार्गशीर्षात छान ऊन पडलं होतं. हाच कॅन घेऊन ती छपराच्या शिडीशी निघाली होती. त्यांनीच हसून अडवलं होतं, "भरलेला कॅन परत कशाला भरतीस? येडी का काय!" ती काहीतरी बोलणार होती. मग तिनं कॅन परत फळीवर ठेवला.

चार वर्षं त्यांनी ज्याची राखण केली, ते ऊन कधीच वापरून झालं होतं. त्यांच्याच अंगावर. ज्या पायांनी ते आता उठणार होते, त्या पायांत ते गेलं होतं.

"उठा, भावजी. पोर गारठंल," बेबीताई म्हणाल्या. त्यांनी पोरीला सानिकाकडं दिलं, तरातरा आपल्या घरी गेल्या आणि डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन कढत पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आल्या. आल्या त्या हसतच. "घे गं बाई, तुझ्या आज्जीचं न्हाई तर न्हाई, गावातल्या म्हशींचं तरी घे!"

कढत पाण्यात इसण घातलं, कोपर बुडवून बघितलं आणि पोरीला न्हाऊ घातलं. पाणी पाठीवर पडल्यावर पोरीनं रडं थांबवलं, आणि दुपट्यात गुंडाळेपर्यंत झोपलीसुद्धा. सर्जेराव उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "मंडळाला फोन कर, सानू. बंब घेऊन जा म्हणावं. नळ जोडून टाका."

"आणि कॅन?"

"कॅन राहू दे."

सगळ्या आत गेल्या. सर्जेराव एकटेच न्हाणीघरात राहिले. इसणाची बादली तशीच अर्धी भरलेली होती. त्यांनी दार लोटलं, सदरा काढून खुंटीला अडकवला, पाटावर बसले आणि तांब्या बुडवून तसाच खांद्यावर ओतला.

श्वासच अडकला. बावड्याचा श्रावण, त्यात कौलावरून आलेलं पाणी. दातावर दात आपटायला लागले. दुसरा तांब्या घ्यायला हात उचलेना. शालनचं पौषातलं ते छातीचं दुखणं आठवलं आणि तांब्या हातातच राहिला.

"आबा!" सानिकानं बाहेरून हाक मारली. "एक बादली तुमच्यासाठी ठेवलीय बघा, कढत आहे. आणून देऊ का?"

"नको गं," ते म्हणाले. "माझी झाली मघाच."

आपलेच शब्द कानावर पडले आणि त्यांना रडू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून हिरव्या चिंधीचं टोक बाहेर आलं होतं. ते त्यांनी ओल्या मुठीत धरलं.

"शालन," ते म्हणाले, "अख्खा पावसाळा मला शेकून काढलास. आणि तू गं? तू कशानं केलीस आंघोळ?"