अकरावी काच

काच पहिली

"हे तुम्ही धुतलंत?"

सूक्ष्मदर्शकाच्या काचा तयार करायच्या खोलीत ती बेसिनपाशी होती, नळ चालू. दारात एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस, हातात रिकामी कुपी. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेचे उंदीर सांभाळायला तो कालच रुजू झाला होता, आणि एका दिवसात सगळे त्याला उंदीरमामा म्हणू लागले होते.

"मग काय करायचं होतं? उंदराचं आतडं ते. केवढं बुळबुळीत होतं."

"ती बुळबुळच तर हवी होती," तो म्हणाला आणि मटकन स्टुलावर बसला.

रागवायचं सोडून त्याला हसूच फुटलं. मग त्याने समजावलं. आतड्यात कोट्यवधी जंतू, त्यांना भिंतीपासून चार हात लांब ठेवणारा हा बुळबुळीत पडदा. पाण्याने धुतला की गेला.

"दोघं एकाच घरात राहतात, पण अंगाला अंग लागू देत नाहीत."

"शहाणे आहेत," ती म्हणाली.

"किंवा लाजाळू."

तिने नळ बंद केला. उगाचच, दोनदा.

काच दुसरी ते दहावी, एकदम

सूक्ष्मदर्शक दोन तोंडांचा होता. एकीकडून ती बघायची, समोरून तो. एकमेकांकडे बघायची सोयच नव्हती; दोघांनी एकाच काचेत बघायचं आणि दाखवायला एक छोटा हिरवा बाण.

"निळा पट्टा दिसतोय? तो पडदा. या उंदराने भरपूर कोंडा खाल्लाय. आता ही उंदरीण बघा, हिचा कोंडा महिनाभर बंद."

पट्टा दोऱ्याएवढा उरला होता.

"कुठे गेला?"

"जंतूंनी खाल्ला. कोंडा हेच त्यांचं जेवण. ते मिळालं नाही तर बिचारे करणार काय? आणि पट्टा संपला की थेट भिंतीला भिडणार. मग दुखणं."

"म्हणजे उपाशी ठेवलं की घरच खातात."

"कोणीही खाईल," तो म्हणाला. बाण हळूहळू सरकत तिच्या कडेला आला… थांबला.

"हा कुठे निघाला?"

"वाट चुकला. तू जरा सरक — सरका ना."

"काय म्हणालात?"

"जीभ घसरली."

"सांभाळा तिला."

बोलून झालं आणि तिला वाटलं, घसरू दे की पुन्हा. पण ती काही घसरली नाही.

घरी धाकटी बहीण होतीच. "आमच्या ताईच्या खोलीत धूळसुद्धा विचारून येते. आणि हा उंदीरमामा दिवसातून तीनदा?"

"कामाला येतो."

"कामाला माणूस जिना एकदा उतरतो गं, ताई."

काच अकरावी

काचेवरचा नंबर पेन्सिलनेच लिहायचा. पुढे काच स्पिरिटमध्ये बुडते आणि शाई विरघळते. हे तिने त्याला दहा वेळा ऐकवलं होतं, त्यातल्या निदान चार वेळा झापून.

त्या दुपारी तो चौकटीत काचा खोचून ठेवून गेला. नेहमी दहाच असायच्या. तिने सवयीने चौकट उचलली, स्पिरिटच्या बरणीत सोडली… आणि पाण्यात केस सुटावा तशी एक जांभळी रेघ वर आली.

चौकटीत अकरा काचा होत्या.

अकरावी तिने झटकन बाहेर काढली. कोरी. कडेला तेवढा एक ठिपका, प्रश्नचिन्हाखालचा असतो तसा.

दोन जिने चढून विचारायचं, एवढंच होतं. पण ज्याला दहा वेळा ऐकवलं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, की मी न वाचताच बुडवली?

तो संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशीही आला.

"काही… सांगायचं होतं का?" त्याने विचारलं.

"नाही. काय?"

"काही नाही."

तिसऱ्या दिवसापासून तो एकदाच येऊ लागला. कामाला येतो तेवढा.

काच नाही

महिन्याभराने तो निरोप घ्यायला आला. दुसरीकडे नोकरी लागली होती. आईने तिथलीच एक मुलगी बघितली होती. दोघं दोनदा भेटले, आणि परवा त्याने होकार कळवला.

"अरे वा," ती म्हणाली. मग तिचं तिलाच ऐकू आलं, "त्या अकराव्या काचेवर काय होतं?"

तो बघतच राहिला. "तुम्ही वाचली नाहीत?"

"न वाचता बुडवली."

"मला वाटलं… वाचून धुतलीत."

"शाईने का लिहिलंत पण?"

"तुम्ही चिडाल, खाली बोलवाल, म्हणून."

"काय लिहिलं होतं?"

त्याने बेसिनकडे पाहिलं. "'तू म्हणू का?' एवढंच."

ती काही बोलणार होती. पण परवा होकार ऐकलेली कुणी एक मुलगी होती कुठेतरी, तिचा यात काय दोष?

"येतो," तो म्हणाला. "तुम्ही… सांभाळा."

तो 'तुम्ही' दोघांच्या मधे पडद्यासारखा उभा राहिला. चांगला जाड.

पावलं दूर गेली. तिने खणातून अकरावी काच काढली, दोन तोंडांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मोठा करून पाहिला तेव्हा ठिपका नुसता ठिपका नव्हता. काचेच्या खरखरीत कडेला शाईचे कण घट्ट धरून बसले होते, जांभळे. तिने हिरवा बाण त्यांच्यापाशी नेला. समोरच्या तोंडाशी कोणी नव्हतं.

"म्हण," ती म्हणाली.