दोन्ही इंजिनांचं तेल

सकाळी नऊ चाळीसला नियंत्रण कक्षात वैमानिकाचा आवाज आला. डाव्या इंजिनाचं तेल संपत आलं होतं, म्हणून त्यानं ते बंद केलं होतं. एवढं ऐकून कुणी घाबरलं नाही. विमानाला दोन इंजिनं देतात ती याचसाठी. एक गेलं तर दुसरं घरी आणतं.

चार मिनिटांनी तो पुन्हा बोलला. उजव्याचंही तेल उतरत होतं.

पुढची अकरा मिनिटं कक्षातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. विमान कसंबसं धावपट्टीवर टेकलं आणि सातव्या सेकंदाला उजवं इंजिन अडकून थांबलं. कुणाला साधं खरचटलंही नाही.

दुपारी तपास अधिकारी हँगरमध्ये आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. देखभाल विभागाचा पर्यवेक्षक त्यांच्या मागोमाग चालत होता. त्याचं मत ठरलेलं होतं: घातपात. आठवड्यापूर्वी एका सफाई कामगाराला भांडणावरून काढलं होतं, आणि जाताना तो ‘बघून घेईन’ म्हणाला होता.

“दोन इंजिनं एकदम आजारी पडत नाहीत, मॅडम.”

बाईंनाही ते पटत होतं. म्हणूनच त्यांना घाई नव्हती.

दोन्ही इंजिनांच्या तेलगाळणीची झाकणं उघडली. झाकणाखाली रबराची रिंग असते, ती तेल अडवते. दोन्हीकडे जुन्या बनावटीची रिंग निघाली, केसभर पातळ. योग्य रिंगेशेजारी ठेवली तर एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. स्टोअरच्या कप्प्यात दोन्ही प्रकार एकत्र पडले होते. अशी रिंग थंड तेल अडवते. इंजिन चालून दाब वाढला की पाझरू लागते.

मग बाहेरच्याचा हात यात कुठून येणार? गाळण्या आदल्या दुपारीच बदलल्या होत्या, आणि त्या कामाचा नियम कडक होता. दोन इंजिनांना दोन वेगळी माणसं, म्हणजे एकाची चूक दोन्हीकडे जाणार नाही. वर पर्यवेक्षकानं दोन्ही इंजिनं पाच मिनिटं चालवून गळती बघायची.

बाईंनी नोंदवही मागितली. पर्यवेक्षकानं खिशातल्या किल्लीनं कपाट उघडलं.

“माझ्याशिवाय हिला कुणी हात लावत नाही,” तो म्हणाला. “सह्यासुद्धा माझ्या टेबलावर, माझ्यासमोर.”

डाव्या इंजिनापुढे मामांची सही, उजव्यापुढे त्यांच्या सुनेची, खाली पर्यवेक्षकाची. तिन्ही ठसठशीत, रेघेवर बसलेल्या.

मामा म्हणजे हँगरमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. निवृत्तीला आठ महिने उरलेले. मुलगा अपघातात गेल्यावर सुनेला त्यांनीच परीक्षेला बसवलं आणि तिच्या हातात पाना दिला. पर्यवेक्षकही त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. मामा डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चोळून रिंग कुठली ते सांगतात, हे त्यानं बाईंना अभिमानानं ऐकवलं.

मामा समोर येऊन बसले. चहा आला.

“डाव्या इंजिनाची रिंग तुम्ही बसवलीत?”

“वहीत तसंच आहे ना?”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“इंजिन माझंच होतं.”

“मग पातळ रिंग बोटांना कळली नाही?”

मामा भिंतीकडे बघत राहिले. चहावर साय धरली, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. हात मांडीवर, टेबलाखाली. जबाबाचा कागद पुढे केला तेव्हा म्हणाले, सूनबाई आली की बघू सहीचं.

सुनेनं आडपडदा ठेवला नाही. उजव्या इंजिनाची रिंग तिनं कप्प्यातून उचलली, नंबर पाहिला नाही, चूक तिचीच. पण डाव्याबद्दल विचारलं की एकच उत्तर: “ते बाबांना विचारा.”

मग बाई इंधन भरणाऱ्याकडे गेल्या आणि त्याच्याकडचे दोन आकडे घेऊन आल्या. काल गाळण्या बदलण्याआधी टाकीत किती इंधन होतं, आणि आज उड्डाणासाठी नवं भरण्याआधी किती.

संध्याकाळी त्यांनी तिघांना एकत्र बसवलं.

“एकच चूक, दोन्हीकडे, एकाच दुपारी,” त्या म्हणाल्या. “सून अशी चूक करू शकते. मामा नाही. ती रिंग त्यांच्या बोटांत आली असती तर तिथंच पकडली गेली असती. म्हणजे ती त्यांच्या बोटांत आलीच नाही. मामा, हात टेबलावर ठेवता?”

मामांनी हात वर ठेवले. ते थरथरत होते. कप किणकिणायला लागला, तसा सुनेनं तो बाजूला सरकवला.

“केव्हापासून?”

“गेल्या वर्षापासून,” सून म्हणाली. “त्यांचं इंजिनही मीच करते.”

“आणि वहीतली सही? या हातानं ती तशी येणार नाही.”

“सही माझी नाही. तेवढं मी कधीच केलं नाही.”

बाई पर्यवेक्षकाकडे वळल्या. “वही तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. म्हणजे मामांची सही तुम्हीच केलीत. आणि इंजिनं पाच मिनिटं चालवली असती तर पंचवीस-तीस लिटर इंधन गेलं असतं. एक लिटरही कमी झालेलं नाही. तुम्ही ती चालवलीच नाहीत.”

तो म्हणाला, “चाचणीच्या वेळी ज्याचं इंजिन, त्यानं शिडीवर उभं राहायचं असतं. सगळ्या हँगरसमोर. ज्यानं मला पाना धरायला शिकवलं, त्याला तिथं कसा चढवू? आठ महिने तर उरले होते. आणि हिच्या कामात कधी खोट निघाली नव्हती.”

“आणि त्या सफाई कामगाराचं नाव पुढे केलंत.”

पर्यवेक्षकानं कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“चूक हिनं केली,” बाई म्हणाल्या. “माणसाच्या हातून चूक होणार, हे धरूनच विमान बनवतात. म्हणून दोन इंजिनं, दोन माणसं आणि वर तुम्ही. तुमच्या दयेपायी तिघांच्या जागी एकटी ही उरली.”

मामांनी हात पुन्हा झाकले नाहीत.

पर्यवेक्षकाला पोलीस घेऊन गेले. सुनेचा परवाना चौकशी संपेपर्यंत काढून घेतला. निघताना ती बाईंच्या टेबलापाशी थांबली.

“विमानात किती माणसं होती?”

“त्रेचाळीस.”

“यादी बघू शकते?”

“कशाला?”

“नावं माहीत असावीत.”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि यादी पुढे सरकवली. सून खुर्चीत बसली नाही. उभ्यानंच, एकेका नावाखाली बोट धरत, ती सावकाश वाचत राहिली. मामा दारात थांबले होते. त्यांनी तिला हाक मारली नाही.