पाव घेऊन चालणारा माणूस

"दिवा राहू दे बंद," अजयकाका म्हणाले. "चहा अंधारातही पिता येतो."

लंडनच्या ईलिंगमधल्या समरच्या घरी जेवणं आटोपली होती. समर, त्याची बहीण सारा आणि त्यांचा मित्र कुश सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. काका सगळं आयुष्य पुण्यात बातमीदारी करून आता शेजारच्या घरी मुलाकडे राहायला आलेले, त्यामुळे सांगण्याआधी पुरावा देणं त्यांच्या अंगातच होतं.

"गिरीश म्हणून माझ्या ओळखीतला आहे. नॉटिंगहॅमला असतो. मी त्याला, त्याच्या बायकोला आणि मित्राला वेगवेगळं बसवून विचारलंय. तिघांचं जुळतं. नाहीतर भुताखेतांच्या बातम्या मी कधी छापू दिल्या नाहीत."

"म्हणजे ही गोष्ट खरी आहे?" साराने विचारलं.

"ऐक आणि तू ठरव."

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. बँक हॉलिडेच्या सोमवारच्या सुट्टीला जोडून गिरीश, ईशिता आणि त्यांची सात वर्षांची मायरा उत्तर फ्रान्सला कॅम्पिंगला गेले. सोबत पुष्कर आणि वैभवी, कॉलेजपासूनचे दोस्त. दोन गाड्या, दोन तंबू. शनिवारी सगळे जवळच्या एका जुन्या, तटबंदीच्या गावात दिवस काढायला गेले. गावाचं नाव काका सांगेनात. त्या गावाने आपलं काय घोडं मारलंय, म्हणाले.

गाव देखणं होतं. दगडी वेस, फरसबंद गल्ल्या, आणि तटावरून गावाला पुरा वळसा घालता यायचा. गिरीशने तो वळसा फोन कानाला लावून घातला. ऑफिसचं काहीतरी अडलं होतं. मायरा तटाच्या भोकातून खालची नदी बघत म्हणाली, "बाबा, बघ ना." त्याने बोट वर केलं. एक मिनिट. ते मिनिट संध्याकाळपर्यंत संपलं नाही. शेवटी ईशिताने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"आता निदान पाव तरी आण," ती म्हणाली. "रात्री पावभाजी करतोय. आम्ही पार्किंगला थांबतो."

बेकरी वेशीच्या आतच होती. रांग होती, पण फार नाही. गोल, मऊ पाव निवडायला त्याला जरा वेळ लागला, एवढंच. कागदी पिशवी छातीशी धरून तो वेशीबाहेर आला.

दोन्ही गाड्या गेल्या होत्या.

आधी तो हसला. मस्करी असणार, पुष्करला सवयच होती. कोपऱ्यावर जाऊन पाहिलं, मागच्या रस्त्याला पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं, येताना तो पुष्करच्या गाडीत बसला होता. पुष्करला वाटलं असेल, बायकोच्या गाडीत बसला. ईशिताला वाटलं असेल, पुष्करच्या. दोघांनी एकमेकांवर सोडलं आणि निघाले. मोजायला माणसं किती, तर पाच.

फोन नाही. कोणाचा नंबर पाठ नाही. कॅम्पसाइटचा रस्ता मात्र सरळ होता, नदीच्या बाजूने. तो चालायला लागला.

चालता चालता तो काय काय बोलायचं ते जुळवत होता. पुष्करला एक, ईशिताला वेगळं. तिला जरा जास्तच. बारा वर्षांचा संसार, आणि नवरा गाडीत आहे की नाही हे बघायला मान वळवावी लागते का? दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती. उजेड कमी होत गेला. वस्ती संपली. मका एकाएकी फार उंच वाटायला लागला.

मागून दिवे आले.

त्याने वळून पाहिलं. आधी पुष्करची गाडी सुसाट गेली. तिच्यामागे त्याची स्वतःची. इंग्लंडच्या नंबरप्लेटची. शोधायला फिरत असणार. त्याने पिशवी काखेत मारली आणि दोन्ही हात हलवले. दिवे त्याच्या तोंडावर पडले. ईशिताने त्याला पाहिलं. नीट पाहिलं, हे तो शपथेवर सांगतो. गाडी हळू झाली...

आणि पुढे गेली.

मागच्या सीटवर मायरा होती. तिचं डोकं कोणाच्या तरी खांद्यावर होतं.

गिरीशने काखेतली पिशवी परत छातीशी धरली. मग चालू लागला. आता त्याला काही जुळवता येत नव्हतं.

कॅम्पसाइटवर पोचला तेव्हा सगळीकडे सामसूम होती. वैभवी त्यांच्या तंबूत झोपली होती, पुष्कर एकटाच बाहेर खुर्चीत बसला होता, पायाशी कंदील.

"झोप येत नाही का रे?" पुष्कर म्हणाला.

"लाज वाटत नाही?" गिरीशचा आवाज फाटला. "मला रस्त्यात टाकून आलात."

"कुठून टाकून? वाटेत भाजी घ्यायला थांबलो तेव्हाही होतास, आता तर मायराला झोपवायला गेलास."

"पुष्कर, मस्करी पुरे. मी पाव आणायला गेलो होतो."

पुष्करने पिशवीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"पाव... खाल्ले की आपण," तो म्हणाला. "तूच आणलेस. तूच भाजलेस."

ईशिता टूथब्रश धुऊन येत होती. गिरीशला बघून ती थबकली. तंबूकडे पाहिलं. परत त्याच्याकडे. मग पिशवीकडे.

"तो तू होतास?" ती म्हणाली. "रस्त्यावर... हातवारे करणारा?"

"तू पाहिलंस मला."

"मी थांबत होते गिरीश. खरंच थांबत होते. वेडाबिडा वाटला, पण ओळखीचा वाटला... मी ब्रेकवर पाय ठेवला होता."

"मग?"

ती तंबूकडे बघायला लागली.

"मग काय, ईशिता?"

"तू म्हणालास... मागून. थांबू नकोस, म्हणालास."

कंदिलाभोवती एक पाखरू फिरत होतं.

"आणि तुला कळलं नाही?" गिरीश म्हणाला. "गाडीत कळलं नाही. जेवताना कळलं नाही."

"वेगळा वागत होतास. मायराशी खेळलास. माझ्याशी बोललास." ती रडत नव्हती. "मला वाटलं, फोन काढून घेतला म्हणून."

इथे अजयकाका थांबले. "मला भुताचा राग नाही आला," ते म्हणाले. "ते भूतच. त्याचं काम ते करणार. पण ही माणसं? नवरा बदललेला दिसतो, बरा वाटतो, आणि कोण आहे हे कोणी विचारत नाही? मी ईशिताला तोंडावर विचारलं हे. ती म्हणाली, काका, तुम्ही विचारलं असतं का?"

"तुम्ही काय बोललात?" कुशने विचारलं.

काकांनी चहाचा घोट घेतला.

तर, ते तिघं तंबूकडे वळले. गिरीशच्या तंबूत मंद उजेड होता. आतून मायराचा आवाज आला.

"हळू ना, बाबा."

मग तिचं हसू. मग काहीच नाही.

गिरीश पुढे झाला. चेन अडकत होती. एकच दार होतं त्या तंबूला. ते त्याच्या हाताखाली होतं. उघडलं...

आत मायरा. एकटी. त्याच्याकडे पाठ करून, मांडी घालून, अगदी ताठ बसलेली. तिच्या मागची उशी खोल दबली होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती सावकाश फुगून वर आली.

"मायरा," तो म्हणाला. "बाबा आलाय."

तिने वळून पाहिलं. त्याला, मग त्याच्या मागे, दोन्ही बाजूंना.

"कुठे?" ती म्हणाली.

पहाट व्हायच्या आत त्यांनी तंबू गुंडाळले. थेट नॉटिंगहॅम गाठलं. पावाची पिशवी तिथेच राहिली.

पुढच्या रविवारी अजयकाका त्यांच्याकडे गेले होते. मायरा गालिच्यावर चित्र काढत होती, त्यांच्याकडे पाठ करून. तिची वेणी त्यांना तेव्हा दिसली. साधी तीन पेडांची नव्हे. बारीक बारीक पेड एकमेकांत गुंफलेले, मोजता येणार नाहीत इतके, आणि एक केस सुटलेला नाही. ईशिताला अशी वेणी येत नाही. गिरीशला कुठलीच येत नाही. आठवडा झाला, मायरा ती सोडू देत नव्हती. हात लावला की किंचाळायची.

काका वाकले. वेणीच्या टोकाला रबरबँड नव्हता. एकाच लांब, पांढऱ्याशुभ्र केसाने ती बांधलेली होती.

"कोणी घातली गं?" काकांनी विचारलं.

"बाबानी," मायरा म्हणाली.

गिरीश समोरच बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.