पुसलेले बाण

सायकलींच्या त्या सहलीत सगळ्यांत पुढे लेक असायची आणि सगळ्यांत मागे आई. लेक दहा मिनिटं आधी निघून, जिथे रस्ता फुटतो तिथे डांबरावर पिवळ्या खडूने बाण काढायची. मागून येणारी मंडळी आपापल्या दमाने येत, बाण बघून वळत. शेवटी यायची आई. ती सायकलीवरून उतरून बुटाने बाण पुसून टाकायची. डोंगराच्या रखवालदाराने परवानगी देतानाच सांगितलं होतं, की तुमच्यामागे रस्त्यावर काही उरता कामा नये. शिवाय एका सहलीचा बाण राहून गेला, तर पुढच्या सहलीची माणसं भलतीकडेच जायची. म्हणून एकीने काढायचा आणि दुसरीने पुसायचा, असं दोघींत ठरलं होतं.

आईला सगळे बाई म्हणत, तेव्हा आपणही बाईच म्हणू. शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांना खेळ शिकवले होते. इतक्या सहली काढल्या, पण एक पोर कधी हरवू दिलं नाही, हे त्या विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही. लेकीने चांगली नोकरी सोडून हा सायकलींचा उद्योग काढला, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. दीर म्हणाले, मुलीला वेड लागलंय आणि आईला तिच्याहून जास्त. बाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि सायकलीवर बसल्या. नवरा गेल्यापासून त्यांना या एका पोरीशिवाय कोणी नव्हतं. ती डोंगरात एकटी फिरणार हे त्यांना सहन होत नव्हतं, म्हणून त्या मागे राहायच्या. आपण मागे आहोत म्हणजे ती पुढे आहे, एवढं तरी नक्की असायचं.

डोंगराला बोगदा पाडल्यापासून जुना घाटरस्ता गाड्यांना बंद होता. डांबराच्या भेगांत गवत उगवलं होतं, कठड्याच्या दगडांवर शेवाळ धरलं होतं. हॉर्न नाही, धूर नाही. स्वतःच्या साखळीची कुरकुर आणि स्वतःचा श्वास, एवढंच कानावर पडायचं. शहरातल्या माणसांना ही शांतता फार आवडायची आणि तिच्यासाठीच ती यायची.

त्या दिवशी सहाजण होते. एक डॉक्टर, एक नवराबायको, दोघी बहिणी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना प्रत्येक चढावर तहान लागायची. माथ्यावरच्या जुन्या चौकीत सगळ्यांनी डबे खाल्ले. आधीच्या दोन सहली इथूनच माघारी फिरल्या होत्या. आज पहिल्यांदाच पलीकडच्या अंगाने उतरायचं होतं आणि तो रस्ता बाईंनी पाहिलेला नव्हता. लेक जाताना म्हणाली, आता नुसता उतार आहे, तुझ्या गुडघ्यांना सुट्टी. बाईंनी तिच्या जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढली, ती तिने जाता जाता पुन्हा खाली केली.

ती गेली आणि धुकं उतरलं. दुपारचे अडीच वाजले होते, पण पंधरा पावलांपलीकडचं दिसेना. बाईंनी सहाजणांना बजावलं, की सावकाश जायचं, वळणावर घंटी वाजवायची आणि बाण सोडायचा नाही. मग एकेकाला सोडून त्या शेवटी निघाल्या.

पहिला फाटा दोनेक किलोमीटरवर आला. बाण डावीकडे होता. बाणाच्या शेपटीला बारीक आडवी रेघ मारायची लेकीला लहानपणापासून सवय होती, ती रेघही होती. बाईंनी बाण पुसला आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या फाट्यावर त्या जरा रेंगाळल्या. धुक्याने सगळं डांबर भिजलं होतं आणि ओल्या डांबरावर खडू ओढला की त्याचा लगदा होतो, हे त्यांना ठाऊक होतं. हा बाण मात्र कोरडा होता. बूट फिरवताच त्याची भुकटी उडाली. खालचं डांबरही तेवढ्यापुरतं कोरडं निघालं. धुकं यायच्या आधीच काढला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या ठिकाणी तीन रस्ते फुटत होते आणि बाण मधल्या रस्त्याकडे होता. तो नेहमीपेक्षा बराच लांब होता. पुसताना बाईंच्या पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण मघापासून पायडल मारतोय. उतार असायला हवा होता. त्यांनी सायकल उभी धरून खाली पाहिलं. इथे डांबराला भेगा नव्हत्या, गवत नव्हतं, कठड्यावर शेवाळ नव्हतं. रस्ता कालच केल्यासारखा स्वच्छ होता. पुढून घंटी ऐकू आली, मग दुसरी, मग तिसरी. सहाही घंट्या सारख्या अंतराने वाजल्या, वर्गात हजेरी द्यावी तशा.

चौथा बाण बाईंच्या उंचीएवढा होता.

आता त्यांना भीती वाटली, अगदी सरळ भीती. पोरगी असला बाण काढणार नाही. तरी पाय आपोआप पुसू लागले, कारण तेच त्यांचं काम होतं. पुसून होतंय तोच खिशात फोन वाजला. लेकीचा होता.

"आई, कुठे आहात तुम्ही सगळे?"

"तुझ्या मागेच आहोत. तू आहेस तिथे थांब बघू आधी."

"माझ्या मागे कशा? मी चौकीच्या पुढच्याच वळणावर आहे. साखळी तुटली म्हणून कठड्याच्या आडोशाला बसले होते. तुम्ही सगळे समोरून गेलात. मी केवढ्या हाका मारल्या. तू तर हातभर अंतरावरून गेलीस, आई."

बाईंनी कुणालाही पाहिलं नव्हतं. त्यांना कुणाची हाकही ऐकू आली नव्हती.

"आत्ता कुठे साखळी जोडून झाली," लेक म्हणाली. "निघतेच मी."

"निघू नकोस. मी बाण पुसलेत. तुला रस्ता कळायचा नाही."



"कुठले बाण? जेवणानंतर मी एकही बाण काढलेला नाही. या अंगाला फाटाच नाही, आई. गावापर्यंत एकच रस्ता आहे."

बाईंच्या दोन्ही बुटांवर पिवळी भुकटी होती. त्या भुकटीकडे बघत त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला आणि लेकीला सांगितलं, की तिथून हलू नकोस, मी येते. लेक एरवी दहा प्रश्न विचारायची. आज तिने फक्त लवकर ये म्हटलं, आणि तिचा आवाज लहान झाला होता.

बाईंनी गळ्यातली शिट्टी तीनदा फुंकली. तीन शिट्ट्या म्हणजे असाल तिथून मागे फिरा, हे सकाळीच सर्वांना सांगितलं होतं. पुढून उत्तरादाखल सहा घंट्या वाजल्या. त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली. पुन्हा सहा घंट्या, पण पहिल्यापेक्षा दूर. त्यांनी पोस्टमास्तरांना हाक मारली, डॉक्टरांना मारली. कुणीतरी पुढे होतं आणि ती माणसं निमूटपणे त्याच्या मागे चालली होती.

पुढे जावं तर लेक मागे, मागे जावं तर हे सहाजण पुढे. तीस वर्षांत बाईंवर अशी वेळ आली नव्हती. त्यांनी सायकल फिरवली आणि सहाजणांकडे पाठ केली. त्याची त्यांना लाज वाटली, तरी त्या थांबल्या नाहीत.

तीन रस्त्यांच्या जागी त्या पोहोचल्या तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. आपण आलो तो रस्ता सोडून समोर तीन तोंडं होती. तिन्ही सारखीच स्वच्छ, तिन्ही धुक्यात शिरणारी. यांतल्या एकातून त्या मघाशी आल्या होत्या. कोणत्या, ते सांगणारी एकच खूण होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या बुटाने घासून घासून पुसली होती. त्या गुडघ्यांवर बसल्या, डांबरावरून हात फिरवला. तळहात ओला झाला, पण पिवळा कण लागला नाही.

त्यांनी फोन लावला. लेकीने लगेच उचलला.

"बरं झालं गं, आलीस," ती म्हणाली. तिला हायसं वाटलेलं कळत होतं. "दिसतेयस मला. इतक्या लवकर कशी गं आलीस?"

"मी नाही आले," बाई म्हणाल्या. "ऐक माझं. मी अजून फाट्यावर आहे. ती मी नाही."

"काय? तुटक येतंय. अगं, समोर उभी राहून फोन कशाला करतेस?"

"पळ तिथून. ऐकू येतंय का? पळ."

लेकीने फोन कानापासून दूर नेला असावा. तिच्या बुटांखाली खडी वाजली. मग कुणीतरी जवळ आलं, अगदी शांत चालीने. बाईंनी ओठ आवळून धरले, श्वासही घेतला नाही, आणि फोनमधून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, थोडा दमलेला, मायेचा.

"सायकल राहू दे इथेच. आता नाही लागायची."

लेक "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला.