घरचा गोलकीपर

गळ्यातला झेंडूचा हार उतरवून इंद्रभानानं तो वहिनीच्या पायांशी ठेवला, आणि मनकर्णाबाईनं झटकन पाय मागे घेतले.

त्या दुपारी उंद्रीच्या ग्रामपंचायतीपुढं त्याचा सत्कार झाला होता. नवं राज्य झालं, जिल्ह्याजिल्ह्याचे संघ उभे राहिले, आणि एके काळी नागपूरची मैदानं गाजवलेला हा गोलकीपर बुलढाण्याच्या फुटबॉल संघाचा कोच झाला, त्यालाही आता काही वर्षं झाली होती. सख्ख्या पुतण्याला संघातून वगळणारा निःस्पृह माणूस म्हणून गावानं टाळ्या वाजवल्या, नारळ दिला. तो पुतण्या, तिचा तुळशीराम, मात्र सकाळपासून मळ्यात तोंड लपवून बसला होता. रविवारच्या सामन्याला नागपूरचे लोक आपल्या संघासाठी गोलकीपर निवडायला येणार होते, आणि त्याच्या वयाला ही शेवटचीच संधी होती. वर्षानुवर्षं पोरगा एसटीनं बुलढाण्याला जाऊन काकाच्या हाताखाली धुळीत लोळला, कोपरं सोलून घरी आला, ते काय याच्यासाठी?

"वयनी, तुमचा आशीर्वाद पाह्यजे," इंद्रभान म्हणाला. आशीर्वाद मागण्याच्या त्या थाटानंच तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"तुळशीराम कमी पडला काय?"

"नाही वयनी. साऱ्या जिल्ह्यात त्याच्यावानी गोलकीपर नाही. पन लोकं म्हनले असते, कोचानं घरचं पोरगं घुसवलं. म्हनून काळजावर दगड ठेवला मी."

दगड म्हणे! आणि तो ठेवला कुणाच्या काळजावर?... ओसरीवर सुपारी कातरत बसलेले तिचे मालक, पुंजाजी, घसा खाकरून काही बोलू पाहत होते. तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते पुन्हा खाली मान घालून सुपारी कातरू लागले.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा आईवेगळा दीर रांगत होता. तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, आजारपणात मांडीवर घेऊन बसली. मळ्यातून टरबुजांची गाडी आली की ती वरून टरबूज फेकायची आणि हा खाली उभा राहून झेलायचा. सहसा एकही फुटू द्यायचा नाही. त्याच हातांना पुढे बॉल सापडला. पण हा खेळायला गेला तर मोटेचे बैल कोण हाकणार, म्हणून पुंजाजी अडून बसले, तेव्हा पदर खोचून ती स्वतः विहिरीवर उभी राहिली. बाईमाणसानं मोट हाकायची! बाया तिला 'मनकर्णराव' म्हणून हाका मारू लागल्या, पारावरची माणसं दात काढू लागली, जन्मदात्या बापानं लाजेपायी दिवाळीलाही तिला माहेरी नेणं बंद केलं. ती सारी अवहेलना तिनं गिळली, का, तर इंद्रभान गोलात उभा राहावा. आणि आज तोच तिच्या पोराचा घास काढून घेऊन त्याला त्याग म्हणत होता! संतापानं तिचे डोळे भरून आले, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"इंद्रभान, तुह्यं काय गेलं रे याच्यात?" ती म्हणाली. "जागा गेली माह्या पोराची. हार भेटला तुले. तुह्यासाठी मी साऱ्या गावाचं बोलनं ऐकलं, माहेर सोडलं... अन् माह्या पोरासाठी तुले चार मानसाइचं बोलनं ऐकवलं नाही?"

इंद्रभानाचा चेहरा पांढराफटक पडला. हार तिथंच टाकून तो उठला आणि एसटीच्या रस्त्याला लागला. मनकर्णाबाईनं त्याला थांबवलं नाही, जेवलास का म्हणून विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं निवड समितीपुढं कबूल केलं, की मी जाणूनबुजून चुकीचा निर्णय दिला. आता साऱ्यांदेखत दोघांनाही गोलात उभं करून पाहा. चाचणी झाली, तुळशीराम सरस ठरला, आणि ज्याला जागा मिळाली होती त्या दुसरबीड गावच्या कारभारी नावाच्या पोरानंच शेवटी जर्सी उतरवून तुळशीरामच्या हाती दिली. पण लोकांना कोण समजावणार! सत्काराला टाळ्या वाजवणारेच आता, बघा, रक्ताचं नातं कसं आडवं आलं, म्हणून बोलू लागले.

रविवारी मनकर्णाबाई जन्मात पहिल्यांदा फुटबॉलचा सामना पाहायला गेली. सामना सुरू होतो न होतो तोच तुळशीरामच्या हातांखालून बॉल निसटला... गोल झाला, आणि मैदान खवळलं. कोचाच्या घरच्या पोराला हाकला म्हणून आरडाओरडा झाला, कुणी चप्पल भिरकावली, ती इंद्रभानाच्या खांद्यावर बसली. समितीवाले कानाशी लागून सांगत होते, अजून वेळ आहे, पोरगा बदला. इंद्रभानानं मान हलवून नकार दिला, आणि हात मागे बांधून तो एकेक शिवी ऐकत उभा राहिला.

तिला ते पाहवेना. मनात धुमसणारा राग होता तेवढाच होता, पण आता तो त्या गर्दीवर उलटला. पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत ती चुन्याच्या रेषेपर्यंत गेली आणि दिराच्या शेजारी उभी राहिली. तिला पाहताच इतका वेळ ताठ उभा असलेला तो माणूस मोडून पडला. साऱ्या मैदानादेखत त्यानं तिचे पाय धरले, आणि गर्दीत मोठा हशा उठला.

"वयनी, मी भेकड निघालो... मले माफ करा."

तिनं दंडाला धरून त्याला उभं केलं. डोळे तिचेही वाहत होते, पण आवाज करडाच होता.

"माहे पाय काऊन धरतं? तिकडं पाह्य. पोरगं एकलं हाये गोलात."