ओ

खुट्.

दाराची कडी हलली आणि घरातली शांतता मोडली.

वारा नव्हता. मांजर चुलीपाशी झोपलेलं.

ही ऐकीव गोष्ट नाही. हेलविस आजही बारफ्लरच्या बंदरात राहते, तिला विचारा. ती सांगेल... पण आधी दार लावून घेईल.

सेंट कॅथरीनच्या सणाची संध्याकाळ होती. दुपारपासून समुद्रावरून धुकं चढलेलं. अंगणातला आडही दिसेना. घरात तिघंच होती. हेलविस, तिचा लहानगा गियोम आणि थोरली नणंद गुन्नोर. नवरा लढाईवर गेला होता. म्हाताऱ्या राजामागे गादी त्याच्या मुलीची की भाच्याची, हे ठरत नव्हतं, म्हणून कोळ्यांच्याही हातात भाले दिले होते.

कडी पुन्हा हलली नाही.

मग पाण्याकडून हाक आली...

"गियोम..."

बाईचा आवाज. दमलेला.

बारफ्लरात दर दुसऱ्या घरात एक गियोम. आणि इथली रीत अशी, की धुक्यातून हाक आली तर ओ द्यायचीच. त्या आवाजावर होडी किनारा धरते. नाहीतर खडक आहेतच. हेलविसचं माहेर समुद्रापासून लांब, पण लग्नानंतर एवढं ती शिकली होती. ती पोराला म्हणाली, "अरे, ओ दे की. कुणीतरी वाट चुकलंय."

पोरानं खणखणीत ओ दिली.

वाटाणे निवडणारे गुन्नोरचे हात थांबले.

"कुणी सांगितलं त्याला?"

"मी. का हो वन्सं?"

गुन्नोरनं उठून दाराला अडसर घातला. "बाईच्या हाकेला नाही गं. आजच्या दिवशी तर नाहीच. तुमच्याकडे गाईच हंबरतात, तुला काय कळायचं."

मग तिनं हळू आवाजात सांगितलं. ती पोरसवदा असताना याच सणाच्या रात्री राजपुत्राचं जहाज समोरच्या खडकावर फुटलं होतं. तो छोट्या होडीतून सुटलाही होता. मागून बुडत्या जहाजावरून बहिणीनं हाक मारली. तो वळला. बुडणाऱ्यांनी होडीला हात घातले, होडीच गेली, त्याच्यासकट. म्हाताऱ्या राजाच्या गादीला मुलगा उरला नाही. त्याचंही नाव गियोम.

हाक मात्र राहिली. जो ओ देतो त्याला न्यायला येते.

तेवढ्यात समुद्राचा आवाज बंद झाला.

लाट नाही. काहीच नाही...

दाराखालून पाणी आत आलं. खारं.

"गियोम... मागे ये ना रे."

आता हाक दाराशी होती.

पोर उठून दाराकडे निघालं. हेलविसनं त्याला ओढून कुशीत धरलं. घराला दुसरं दार नव्हतं. खिडकी होती, तीही समुद्राकडे.

"पुन्हा ओ गेली की संपलं," गुन्नोर पुटपुटली. "तोंड धर त्याचं."

तिनं धरलं. ज्या हातानं ती त्याला भरवायची, त्याच हातानं. पोर लाथा झाडत होतं, चावत होतं. त्याची ओ तिच्या तळव्याला लागत होती... गरम.

बाहेर दाराच्या फळीवरून हात फिरले. एक. मग पुष्कळ. सगळे खाली, उंबऱ्यापाशी. होडीचा काठ चाचपावा तसे.

गुन्नोर प्रार्थना म्हणत होती. मध्येच तिला शब्द आठवेनात.

किती वेळ गेला, हेलविसला आजही सांगता येत नाही. केव्हातरी एक लाट वाजली. मग दुसरी. तेव्हा कुठे तिनं हात काढला. तळव्यावर दात उमटले होते.

सकाळी दाराबाहेरची माती कोरडी होती. आतली ओली.

पोर तिच्यापासून लांब, चुलीपाशी बसलं होतं. ती गुडघ्यावर बसून उंबऱ्यातलं पाणी पुसत होती, तेव्हा जवळ आलं.

"ती रडत होती."

"हो रे, राजा."

"तू मला ओ देऊ दिली नाहीस."

"नाही दिली."

त्यानं तिच्या तळव्यावरच्या खुणांवर बोट ठेवलं.

"आई, तू बुडत असलीस आणि मला हाक मारलीस... तर मी मागे येऊ की नको?"